ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढायची

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला, आवाज एकदम काळजीचा. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, स्वालबार्डला (नॉर्वेच्याही उत्तरेची, आर्क्टिक समुद्रातली बेटं) एका कोर्ससाठी जायचंय. तिथे लाँगइयरब्येन नावाच्या गावात युनिस म्हणून युनिव्हर्सिटी सेंटर आहे, 1993 साली सुरू झालेलं, बर्फ, समुद्र, हिमनद्या वगैरे शिकवतात. तर बहिणीने भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी लावून मोजलं आणि म्हणाली, अरे नॉर्वेच्या वरच्या टोकाच्या ट्रोम्सोपासून ते बेट म्हणजे आपल्या कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत जेवढं तेवढंच लांब दिसतंय, एवढा वेळ नुसत्या समुद्रावरून जाणार का ते विमान? मागून भाची ओरडत होती, "मामा, तू समजाव हिला, तिकिटावर दीड-पावणेदोन तास लिहिलेत!"

गंमत म्हणजे दोघींचंही बरोबर होतं, पट्टी खोटं बोलत नव्हती आणि तिकीटही. हे कसं ते सांगताना मी फोनवरच सगळा हिशोब करून दाखवला आणि मग वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, कारण उत्तरेकडच्या अशा दूरच्या विमानतळांचं अंतर काढताना आपल्या अंदाजाची सवय (जी सगळी 8 ते 37 अंश अक्षांशात तयार झालेली असते) पार फसते. कागद, पेन आणि मोबाईलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. मोबाईल आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये साइन-कोसाइनची बटणं येतात.

आधी विमानतळ नक्की करा, गाव नाही

अंतर गावापासून गावापर्यंत काढू नका, धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत काढा. ट्रोम्सोचा विमानतळ म्हणजे लांगनेस, कोड टीओएस, 1964 मध्ये सुरू झाला, शहर ज्या बेटावर आहे त्याच बेटाच्या पश्चिमेच्या बाजूला आहे. दुसरा स्वालबार्ड विमानतळ, कोड एलवायआर, 1975 पासून, लाँगइयरब्येन गावाच्या वायव्येला समुद्राकाठी. रोजच्या पब्लिक फ्लाईट्स जिथे जातात अशा विमानतळांत हा जगात सगळ्यात उत्तरेचा. हा व्हायच्या आधी हिवाळ्यात समुद्र गोठला की तिथल्या लोकांचा बाकी जगाशी बोटीचा संबंध कित्येक महिने तुटायचा, म्हणजे शेवटची बोट गेली की पुढची वसंतात. आता आपण पावणेदोन तास फार वाटतात म्हणतो, पण त्या गावासाठी ही एक धावपट्टी म्हणजे काय असेल याचा विचार करून बघा. तीही कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली, वरचा थर उन्हाळ्यात जरा जास्त वितळला की पट्टी खालीवर व्हायला लागते आणि दुरुस्ती करावी लागते.

दोघांचे आकडे असे:

ट्रोम्सो: 69 अंश 41 मिनिटं उत्तर, 18 अंश 55 मिनिटं 8 सेकंद पूर्व.
लाँगइयरब्येन: 78 अंश 14 मिनिटं 46 सेकंद उत्तर, 15 अंश 27 मिनिटं 56 सेकंद पूर्व.

आता इथेच पहिली चूक होते आणि मी ती खूप जणांना करताना पाहिलंय. 69 अंश 41 मिनिटं म्हणजे 69.41 नाही! मिनिटांना 60 ने भागायचं आणि सेकंदांना 3600 ने. 41 भागिले 60 म्हणजे 0.6833, म्हणून 69.6833. तसंच बाकीचं केलं की 18.9189, 78.2461 आणि 15.4656 येतात. नुसता टिंब टाकून मोकळे झालात तर या एका जोडीतच उत्तर अठरा-वीस किलोमीटरने चुकतं. विमानासाठी ते फार नाही वाटणार पण हीच सवय घेऊन ट्रेकिंगला गेलात तर महागात पडेल.

हाताने अंतर: दोन गुणाकार आणि एक वर्गमूळ

या जोडीचं एक बरं आहे की दोन्ही ठिकाणं जवळपास एकाखाली एक आहेत. रेखांशात फक्त साडेतीन अंशांचा फरक आहे. त्यामुळे शाळेतला काटकोन त्रिकोण पुरतो.

उत्तर-दक्षिण बाजू: 78.2461 वजा 69.6833 म्हणजे 8.5628 अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111.19 किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही (साधारण, खाली एक बारकावा सांगतो). गुणाकार 952 किलोमीटर.

पूर्व-पश्चिम बाजू: 18.9189 वजा 15.4656 म्हणजे 3.4533 अंश. पण इथे 111 ने गुणायचं नाही, रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, सोललेल्या मोसंबीच्या फोडींसारख्या. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे साधारण 105 किलोमीटर, ट्रोम्सोला तोच अंश साडेअडतीस किलोमीटरचा आणि लाँगइयरब्येनला जेमतेम साडेबावीस. म्हणून दोन्ही अक्षांशांचा मध्य घ्यायचा, 73.96, त्याची कोसाइन काढायची, 0.2762, आणि तिने 111.19 ला गुणायचं म्हणजे 30.7 किलोमीटर. गुणिले 3.4533 बरोबर 106 किलोमीटर.

आता 952 चा वर्ग अधिक 106 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर 958 किलोमीटर. झालं! नॉटिकल मैलात हवं असेल तर 1.852 ने भागा, 517 येतात. वैमानिक लोक हेच वापरतात आणि त्याचं कारण फार सुंदर आहे, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजे 8.5628 गुणिले 60 केलं की 514 नॉटिकल मैल हे तोंडीच मिळतात, आडवी बाजू सोडली तरी उत्तर जवळपास तेच.

बघा ना, ती 106 किलोमीटरची आडवी बाजू एकूण अंतरात फक्त सहा किलोमीटर वाढवते.

पक्कं सूत्र, कुठल्याही जोडीला चालणारं

वरची पद्धत जवळच्या ठिकाणांना ठीक आहे. पण रेखांश खूप लांब असतील तर गोलावरचंच सूत्र लागतं. शब्दांत सांगतो, कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते आधी बघा, रेडियनवर राहिला तर काहीही येतं.

पहिल्या अक्षांशाची साइन गुणिले दुसऱ्या अक्षांशाची साइन, हा आकडा लिहून ठेवा: 0.91812. मग पहिल्याची कोसाइन गुणिले दुसऱ्याची कोसाइन गुणिले रेखांशांच्या फरकाची कोसाइन: 0.07060. दोन्हींची बेरीज 0.98872. या आकड्याची उलटी कोसाइन (cos⁻¹ चं बटण) घ्या, 8.612 अंश मिळतात. गुणिले 111.19, म्हणजे 957.6 किलोमीटर. हाताच्या हिशोबाशी तंतोतंत!

इथे एक धोका आहे आणि तो कुणी सांगत नाही. बेरीज गोल करू नका. 0.98872 ऐवजी कंटाळा करून 0.99 घेतलं तर उत्तर 902 किलोमीटर येतं, म्हणजे 55 किलोमीटर कुठेतरी समुद्रात पडले. 0.989 घेतलं तरी 946 येतं. जवळच्या दोन ठिकाणांसाठी हा आकडा 1 च्या अगदी जवळ असतो आणि तिथे शेवटच्या शेवटच्या दशांशांवरच सगळा खेळ असतो, म्हणून निदान पाच घरं ठेवा. कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये याच कारणासाठी हॅव्हरसाइन नावाचं वेगळं सूत्र वापरतात. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर मात्र हेच चालेल, तिथे पंधरा घरं असतात.

आणि तो बारकावा: पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी जराशी चपटी आहे. त्यामुळे 74 अंशाच्या आसपास अक्षांशाचा एक अंश 111.19 नसून 111.6 किलोमीटर असतो. तो धरला तर आपलं अंतर 962 किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून एका ठिकाणी 957 किंवा 958 आणि दुसऱ्या ठिकाणी 962 असं दिसलं तर गोंधळू नका, दोघांनी पृथ्वीचा आकार वेगळा धरलाय एवढंच.

मग बहिणीची पट्टी का फसली?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

भिंतीवरचा तिचा नकाशा मर्केटर पद्धतीचा होता, आणि मोबाईलवर नकाशा लहान करत गेलं की सपाट जग जसं दिसतं तेही बहुतेकदा त्याच घराण्यातलं. गेरार्डस मर्केटरने 1569 मध्ये ही पद्धत खलाशांसाठी काढली. तिचा फायदा असा की नकाशावर सरळ रेघ ओढली आणि होकायंत्राची तीच दिशा धरून बोट हाकली तर आपण पोचतो. पण यासाठी त्याने रेखांशाच्या रेषा समांतर ठेवल्या, म्हणजे मोसंबीच्या फोडी वरच्या टोकाला जबरदस्तीने फाकवल्या, आणि आडवं जेवढं ताणलं तेवढंच उभंही ताणलं म्हणजे आकार बिघडू नये. किती ताणलं? 1 भागिले अक्षांशाची कोसाइन, इतकं. ट्रोम्सोला 2.9 पट, लाँगइयरब्येनला 4.9 पट.

मी भाचीसाठी मुद्दाम हिशोब केला. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलंय की भारताची मुख्य भूमी 8 अंश 4 मिनिटांपासून 37 अंश 6 मिनिटांपर्यंत आणि दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर. मर्केटर नकाशावर हे दोन अक्षांश किती लांब पडतात ते काढलं आणि ट्रोम्सो-लाँगइयरब्येनचे दोन अक्षांश किती लांब पडतात तेही काढलं, तर दोन्ही लांब्या जवळजवळ सारख्या आल्या, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी! म्हणजे बहिणीची पट्टी अगदी बरोबर होती, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक 3,214 किलोमीटर आहे आणि दुसरं 958.

मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण 1,140 किलोमीटर आहे. म्हणजे हा आर्क्टिकचा प्रवास त्याहूनही लहान आहे, हे सांगितल्यावर बहिणीचा जीव एकदम भांड्यात पडला.

तेव्हा 60 अंशाच्या वर काहीही मोजायचं असेल तर सपाट नकाशावर पट्टी लावू नका. घरी पृथ्वीगोल असेल तर दोरा लावा, दोन टोकांत ताणा, तो आपोआप सगळ्यात जवळचा मार्ग पकडतो.

अंतरावरून वेळ: भागाकार करून थांबू नका

जेट विमान वर गेल्यावर ताशी 830 किलोमीटरच्या आसपास जातं. या मार्गावर बोईंग 737 किंवा एअरबस 320 च्या जातीची विमानं असतात. 958 भागिले 830 केलं की 1 तास 9 मिनिटं येतात. मग तिकिटावर 1 तास 35 ते 40 का?

कारण विमान पूर्ण वेळ त्या वेगाने जात नाही. चढायला वीसेक मिनिटं, त्यात साधारण 200 किलोमीटर कापलं जातं. उतरायला वीस-बावीस मिनिटं, तेही तेवढंच. म्हणजे 958 पैकी 400 किलोमीटर कमी वेगात गेले, मधले साडेपाचशेच पूर्ण वेगात, त्यांना 40 मिनिटं. एकूण हवेतली वेळ 1 तास 20-22 मिनिटं. वर दोन्ही टोकांना जमिनीवरचं हळू चालणं मिळून पंधराएक मिनिटं. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, चाक उचलल्यापासून टेकेपर्यंतची नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

रोजच्या वापरासाठी मी एक सोपा नियम धरतो: किलोमीटरला 800 ने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. 958 ला 1 तास 12 मिनिटं अधिक 30, म्हणजे 1 तास 42 मिनिटं. ऑस्लो ते ट्रोम्सो 1,115 किलोमीटर, नियमाने 1 तास 54. ऑस्लोहून थेट लाँगइयरब्येन 2,013 किलोमीटर, नियमाने 3 तास 1 मिनिट. तिन्ही तिकिटावरच्या वेळेच्या पाच-सात मिनिटं इकडेतिकडे बसतात. मुंबई-दिल्लीला मात्र हा नियम कमी पडतो, कारण तिथे रांगेत उभं राहणं, वर गोल गोल फिरणं हे सगळं धरून वेळ छापलेली असते. उत्तरेच्या छोट्या विमानतळांवर ती गर्दी नाही.

वाऱ्याचा परिणामही धरून ठेवा. समोरून ताशी 100 किलोमीटरचा वारा असेल तर या प्रवासात दहा-बारा मिनिटं वाढतात, मागून असेल तर जरा कमी वाचतात (हो, वाचणारी मिनिटं नेहमी वाढणाऱ्यांपेक्षा कमीच असतात, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो). हा मार्ग मात्र जवळपास सरळ उत्तरेला आहे, निघतानाची दिशा 355 अंश, आणि वरचे मोठे वारे बऱ्याचदा पश्चिमेकडून वाहतात म्हणजे बाजूने येतात, त्यामुळे जाताना आणि येताना वेळेत फार फरक दिसत नाही. लंडन-न्यूयॉर्कसारखा तासाचा फरक इथे शोधू नका. हिवाळ्यात निघण्याआधी पंखांवरचा बर्फ काढायला वेळ जातो, तो वेगळा.

शेवटच्या वीस मिनिटांबद्दल थोडं. ट्रोम्सोची धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे उड्डाण झालं की विमान लगेच वाटेला लागू शकतं. लाँगइयरब्येनची पूर्व-पश्चिम. त्यामुळे उत्तरेला चाललेल्या विमानाला शेवटी वळून धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं, एकतर इसफियोर्ड नावाच्या खाडीवरून नाहीतर आदव्हेंटदालेनच्या खोऱ्यावरून, आणि यात वीस-तीस किलोमीटर वाढू शकतात. आजूबाजूला डोंगर. 29 ऑगस्ट 1996 ला मॉस्कोहून आलेलं टुपोलेव्ह 154 विमान याच उतरण्याच्या रेषेपासून उजवीकडे सरकलं आणि विमानतळाच्या पूर्वेच्या ओपेराफिएलेट डोंगरावर आदळलं, 141 माणसं होती, कुणीही वाचलं नाही, त्यात बरेचसे बेटावरच्या रशियन कोळसा वस्त्यांमधले कामगार आणि त्यांच्या घरचे होते. म्हणून विमान शेवटी जास्तीचं वळण घेतंय, वेळ लागतोय असं वाटलं तर वैतागू नका.

घड्याळ, तारीख आणि उजेड

टाइम झोन दोन्हीकडे एकच आहे, त्यामुळे सुटायची आणि पोचायची वेळ सरळ वजा करा. भारतापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास. घरी फोन करायची वेळ ठरवताना मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे बदलतं हे लक्षात ठेवा.

तारखेचं जास्त जपा. या भागात काही फ्लाईट्स अगदी मध्यरात्रीच्या आसपास असतात, आणि 00:30 ला पोचणारं विमान म्हणजे दुसरी तारीख. हॉटेल कुठल्या रात्रीचं बुक करायचं? विमान 14 तारखेला 00:30 ला उतरणार असेल तर खोली 13 तारखेच्या रात्रीची लागते. उन्हाळ्यात हे आणखी फसवं, कारण लाँगइयरब्येनला एप्रिलच्या 20 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, खिडकीतून लख्ख ऊन दिसतं आणि मध्यरात्र झालीय हे शरीराला कळत नाही. उलट ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही, तेव्हा दुपारी पोचलात तरी अंधार किंवा नुसता संधिप्रकाश.

खिडकी निवडायची असेल तर: उत्तरेला जाताना उजवी बाजू पूर्वेची. अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे, म्हणजे सव्वापाचशे किलोमीटरवर, ब्योर्नओया नावाचं एकटं बेट मार्गाच्या उजवीकडे साधारण चाळीस किलोमीटरवर येतं, वर हवामान केंद्र आहे. त्या बेटावर धुकं खूप असतं त्यामुळे दिसलं तर नशीब. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत खाली स्पिट्सबर्गेनचे, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य बेटाचे, टोकदार डोंगर आणि हिमनद्या येतात, त्या दोन्ही बाजूंनी दिसतात.

तिकीट काढायच्या आधी: हिशोबात न दिसणारे तास

इथे घाई करू नका, खरं नुकसान इथे होतं.

व्हिसा पहिला. स्वालबार्ड नॉर्वेचाच भाग आहे, पण शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही हे खरं, पण आपल्याला जावं लागतं नॉर्वेतूनच आणि परतही तिथूनच यावं लागतं. म्हणजे ट्रोम्सोहून निघालात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परतताना पुन्हा आत शिरलात. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी डबल किंवा मल्टिपल एंट्री व्हिसा हवा. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला एजंटने "सगळं नॉर्वेच आहे हो" म्हणून सिंगल एंट्री काढून दिला होता, नशिबाने निघायच्या दीड महिना आधी लक्षात आलं आणि परत सगळी धावपळ झाली. एजंटवर सोडू नका, व्हिसा हातात आला की स्टिकरवरचा एंट्रीचा रकाना स्वतः वाचा.

याच कारणाने ट्रोम्सोला पासपोर्ट तपासणी असते. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानात बसला असाल तर ट्रोम्सोला हातातल्या सामानासकट उतरून, तपासणी करून, पुन्हा त्याच विमानात बसावं लागतं. म्हणजे अंतराच्या हिशोबात ट्रोम्सोमार्गे गेल्याने फक्त 60 किलोमीटर वाढतात (1,115 अधिक 958 म्हणजे 2,073, थेट 2,013), पण वेळेच्या हिशोबात एक उतरणं, एक चढणं, तपासणी आणि थांबणं धरून दीडेक तास सहज वाढतो.

आणि हवामान. ट्रोम्सोहून लाँगइयरब्येनला गेलेलं विमान तिथे धुक्यामुळे किंवा वाऱ्यामुळे उतरू शकलं नाही तर जवळपास दुसरा पर्याय नसतो. नकाशावर बेटावर छोट्या पट्ट्या दिसतील पण त्या जेटसाठी नाहीत. मग विमान मुख्य भूमीवर परत येतं. म्हणजे जाऊन-येऊन जवळपास 1,900 किलोमीटर, तीन तास हवेत, आणि आपण परत ट्रोम्सोलाच! त्यासाठीचं इंधन घेऊनच ते निघतं त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही, पण तुमच्या पुढच्या फ्लाईटचं काय? म्हणून माझा ठाम सल्ला: परतताना लाँगइयरब्येन आणि भारताच्या फ्लाईटमध्ये निदान एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा, तोही ऑस्लो किंवा ट्रोम्सोमध्ये. जमलं तर सगळे टप्पे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात पण एक चुकलं की पुढच्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

त्रिकोण कुठे चालत नाही

भाचीने सगळं समजल्यावर विचारलं, मग अलास्काच्या वरच्या टोकाचं उत्कियागविक लाँगइयरब्येनपासून किती? थेट फ्लाईट नाही, पण प्रश्न मस्त होता. ते आहे 71.285 उत्तर, 156.77 पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची, 172 अंश. काटकोन त्रिकोणाने काढलं तर 5,000 किलोमीटरच्या वर येतं. पक्क्या सूत्राने 3,380! कारण सगळ्यात जवळचा रस्ता जवळजवळ ध्रुवावरून जातो, आणि त्रिकोण मात्र आपल्याला ध्रुवाला वळसा घालायला लावतो. खात्री करायची सोपी युक्ती: लाँगइयरब्येनहून ध्रुव 11.75 अंश, ध्रुवापासून उत्कियागविक 18.7 अंश, बेरीज साडेतीस अंश, गुणिले 111 म्हणजे 3,385. तोंडी निघालं. रेखांशांतला फरक वीसेक अंशांपेक्षा जास्त असेल तर उत्तरेत त्रिकोण सोडा आणि सूत्रच वापरा.

पुढचा छोटा टप्पा, गोव्याशी जोडलेला

लाँगइयरब्येनच्याही पुढे नी-ओलेसुंद नावाची संशोधकांची वस्ती आहे, तिथे भारताचं हिमाद्री केंद्र आहे, 1 जुलै 2008 पासून. ते चालवणारी संस्था एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, आपल्या गोव्यातल्या वास्को द गामा शहरातली. म्हणजे गोव्यातून निघालेली कितीतरी माणसं हाच ट्रोम्सो-लाँगइयरब्येनचा रस्ता धरून गेलीत, आणि डिसेंबर 2023 पासून तर हिवाळ्याच्या काळोखातही तिथे आपली मोहीम जायला लागली.

हा टप्पा स्वतः काढून बघा, सरावासाठी उत्तम आहे. नी-ओलेसुंदची पट्टी 78.93 उत्तर, 11.87 पूर्व. अक्षांशात 0.68 अंश, 76 किलोमीटर. रेखांशात 3.59 अंश, पण इथे अंश फक्त 22 किलोमीटरचा, म्हणून 79. वर्गमूळ घेतलं की 110 किलोमीटर. बघा, मघाशी साडेतीन अंशांच्या आडव्या बाजूने काहीच फरक पडत नव्हता आणि इथे तेवढेच अंश अर्धा रस्ता खातायत.

वेळेसाठी 800 चा नियम इथे लावू नका, ते जेटसाठी आहे. इथे पंख्याचं छोटं डॉर्नियर 228 जातं, तेच मॉडेल जे आपल्याकडे कानपूरला एचएएल बनवतं. त्याला ताशी 400 धरा आणि चढण्या-उतरण्याची दहा मिनिटं मिळवा, 26-27 येतात, प्रत्यक्षात साधारण 25 मिनिटांचा प्रवास आहे. याचं तिकीट बुकिंग ॲपवर शोधू नका, ती वस्ती सांभाळणाऱ्या किंग्ज बे कंपनीमार्फत, तिथे काम असणाऱ्यांनाच जागा मिळते.

भाचीचं बुकिंग परवा झालं. ऑस्लोला एक रात्र, मग ट्रोम्सो, मग लाँगइयरब्येन, परतताना ट्रोम्सोला दीड दिवस मोकळा, व्हिसा मल्टिपल एंट्री. लाँगइयरब्येनच्या टर्मिनलबाहेर वेगवेगळ्या शहरांची अंतरं लिहिलेला एक खांब आहे, त्याचा फोटो पाठवते म्हणाली. तिच्या आईने आत्ताच वहीत ध्रुवाचं अंतर काढून ठेवलंय, 11.75 गुणिले 111.6, सुमारे 1,311 किलोमीटर, आणि फोटो आला की ती आधी तोच आकडा तपासणार आहे.